इंजिनाचा मेकअप

डोंबिवलीत मानपाड्याला कांताचं ब्युटी पार्लर आहे. गेली कित्येक वर्षं त्या भागातल्या नवऱ्या तिच्या हातून सजूनच बोहल्यावर चढतात. गालांवरचा वांग, मुरुमांचे खड्डे, जागरणाने आलेली डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं ती असं झाकते की सख्ख्या आईनेही क्षणभर चमकावं.

तिच्या नवऱ्याचा, साईनाथचा, छंद नेमका उलटा. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तो अगदी मापात बसवलेल्या, तळहातावर मावतील अशा मालगाड्या बनवायचा आणि बनवून झाल्या की त्या मळवायचा. कोऱ्या करकरीत डब्यावर गंज चढवायचा, इंजिनाच्या टपावर धुराची काजळी, चाकांपाशी रुळांवरची तपकिरी धूळ. याला तो वेदरिंग म्हणायचा. चकचकीत गाडी दुकानातली, मळलेली गाडी रुळावरची, असं त्याचं म्हणणं. पार्लरमध्ये कांता हसत सांगायची की बायका डाग घालवायला माझ्याकडे येतात आणि आमचे हे घरी बसून डाग पाडतात.

मागच्या दिवाळीनंतर साईनाथचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण हा कंप आता राहणार. जेवताना, चहा पिताना निभावून जायचं. बारीक ब्रश मात्र धरवेना. एके दिवशी त्याने रंग, ब्रश, अर्धवट राहिलेल्या गाड्या असं सगळं खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. घोडबंदर रोडला राहणारा त्याचा मित्र धम्मपाल ठाण्यात हौशी लोकांचं प्रदर्शन भरवायचा. त्याचा फोन आला तेव्हा साईनाथने सांगितलं, यंदा नुसता बघायला येईन.

मग तो घरात रिकामा बसू लागला. कांता भाजी चिरायला घेई तेव्हा मागे उभा राहून, भेंडी जरा तिरकी काप, असं सुचवू लागला. दोनचार दिवस तिने ऐकून घेतलं. मग तिने ओळखलं की काहीतरी केल्याशिवाय हा माणूस सुधारणार नाही.

तिने त्या खोक्यातली कोळशाची एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, गुपचूप पार्लरमध्ये नेली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तपकिरी आणि तांबूस आयशॅडो स्पंजवर घेऊन तिने डब्याच्या चारही बाजूंना लावली, कडा एकमेकींत छान मिसळून दिल्या. संध्याकाळी ती वाघीण तिने चहाच्या कपाशेजारी ठेवली.

साईनाथने भिंग आणलं. बराच वेळ बघितलं.

"कांता," तो म्हणाला, "ही वाघीण गंजलेली नाही. लग्नाला निघालीय."

कांताला राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. तिचा हात सवयीने सगळीकडे सारखा फिरला होता. गंज कसा मनाला येईल तिथे उठतो, पाणी अडतं त्या कोपऱ्यात दाट होतो, बाकी अंग कोरडंच राहतं, हे तो सांगत सुटला. कितीतरी आठवड्यांनी तो इतकं बोलत होता.

"मग असं करू," ती म्हणाली. "हात माझा, डोळे तुमचे. पण मध्येच ब्रश हिसकावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून पार्लर उघडायच्या आधी दोघं जेवणाच्या टेबलावर बसू लागली. पातळ केलेला काळपट रंग फटींत सोडायचा आणि वरचा कापसाने टिपून घ्यायचा, हे ती पटकन शिकली. ब्रशपेक्षा मेकअपचा स्पंज बरा, हे मात्र तिने त्याला भांडून पटवलं. तांबड्या डिझेल इंजिनाच्या दारापाशी तिने स्वतःच्या मनाने रंग थोडा घासून काढला. साईनाथ ओरडला, तर ती म्हणाली की शर्टाची कॉलर आधी विरते ना, तसंच माणसाचा हात लागतो तिथला रंग आधी जातो. मग त्यानेच दुसऱ्या बाजूचं दार तिच्यापुढे धरलं. त्या आठवड्यात त्याने धम्मपालला कळवलं की आमचं टेबल ठेव.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघं टॅक्सीने निघाली. माजिवड्याजवळ पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, यांच्या ड्रायव्हरनेही मारला आणि साईनाथच्या मांडीवरचं इंजिनाचं खोकं पायाशी आपटलं. उघडून बघितलं तर इंजिनाच्या खिडकीखाली रंगाची खपली उडून आतलं पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं. साईनाथचा चेहरा पार उतरला. तो म्हणाला, जाऊ दे, वाघिणीच मांडू.

बाहेर गाड्या अशा तुंबल्या होत्या की कोणी पुढे सरकत नव्हतं. कांताने पर्स उघडली. तपकिरी पेन्सिलीने पांढरा डाग भरला, कडांना काजळ लावून बोटाने पुसट केलं, आणि आयशॅडोचा एक ओघळ खाली उतरवला. आरशातून बघणाऱ्या ड्रायव्हरनेही मान डोलावली. माजिवड्याची कोंडी सुटली तेव्हा इंजिन पुन्हा उभं राहायला तयार होतं.

हॉलमध्ये लोक त्यांच्या टेबलापाशी रेंगाळत होते. धम्मपाल तर वाकून त्या खिडकीखालच्या गंजापाशीच अडकला. इतका खरा गंज मी अजून पाहिला नाही, कसा केलास, असं त्याने साईनाथला विचारलं.

"मी नाही केला," साईनाथ म्हणाला. "ही माझी बायको, कांता. सगळं काम हिच्या हातचं आहे."

कांताने खरं ते सांगून टाकलं. काजळ, आयशॅडो आणि टॅक्सीवाल्याचा ब्रेक. भोवतीची माणसं खळखळून हसली आणि धम्मपालने तिथल्या तिथे तिला गळ घातली की पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना करून दाखवायचं. कांता हो म्हणाली. नवरीचं कौतुक होत असताना ती कायम कोपऱ्यात पिना गोळा करत असायची. आज अनोळखी माणसं तिचं नाव विचारत होती, आणि ते सांगताना तिला जरा लाजल्यासारखंही झालं.

परतताना तिनेच टॅक्सी कल्याणकडून घ्यायला लावली. पत्री पुलावर दोघं उतरली. खालून एक लांबलचक मालगाडी सावकाश चालली होती. कांता कठड्याला टेकून एकेक वाघीण निरखत होती.

"अहो, गंज खालून वर चढलाय. आपण वरून खाली ओढला."

"मी सांगत होतो तुला."

"काही सांगत नव्हता."

मागून हॉर्न वाजत होते आणि त्यांचा टॅक्सीवाला हाका मारत होता. पण गाडीचे अजून बरेच डबे यायचे होते, म्हणून साईनाथने त्याला हातानेच थांबायची खूण केली.