मेल्चोरची नेहमीची थट्टा

डुकरीण व्यायला आली की तोंडात सुकी पानं धरून फिरते.

ओला बांबू खांद्याचं सालपट काढतो.

मेल्चोरचा आवाज मोठा, पण त्याला सूर नाही. चर्चमध्ये त्याला गाऊ देत नाहीत.

आदेल्फाच्या घराला एक खिडकी होती. वादळानंतर ती अख्खी बाजूच खिडकी झाली.

"गोर्यो, पोट आत घे की रे! बांबू कुठून घालू?" घराखाली वाकलेल्या गोर्योवर मेल्चोर ओरडला.

घर समुद्राच्या काठाला होतं. वादळाने खालची जमीन नेली आणि नीपा माडाच्या पानांचं घर तेवढं खांबांवर तिरकं ठेवलं. ते उचलून टेकडीवर न्यायचं काम दमायान मंडळाकडे आलं. मंडळ म्हणजे वादळ झालं की एकमेकांकडे धावणारी गावातलीच माणसं: मासेवाले, हमाल, एक न्हावी. मेल्चोर पंक्चर काढतो. मंडळात तो हाळी देणारा. त्याच्या हाळीवर सगळे एकदम उचलतात आणि एकदम पाऊल टाकतात.

घर उचलायच्या आदल्या दिवशी तो बांबूंचं माप घ्यायला गेला होता. गावात थोरलीला मानाय म्हणतात, थोरल्याला मानोय.

"मानाय आदेल्फा, नुसत्या पाण्यावर घर उठत नसतं हं! डुक्कर कापणार ना?"

हे तो प्रत्येक घरी म्हणतो. उत्तरही ठरलेलं असतं: "आधी उचलून दाखव, मग शेपटी मिळेल!" सगळे हसतात आणि कामाला लागतात. या घरात ते उत्तर आदेल्फाचा नवरा देत असे. तो गेल्या वर्षी तापाने गेला.

आदेल्फाने मागच्या कुंपणाकडे बघितलं; तिथे तिची डुकरीण तोंडात सुकी पानं धरून फिरत होती. मग म्हणाली, "बरं, मानोय."

मेल्चोरने ते 'बरं' ऐकलं. मापाची दोरी गुंडाळली आणि घरी गेला.

"एक! दोन! उचल!"

घर उठलं. पानं सळसळली, घराच्या जमिनीच्या फटींतून वाळू गळाली. माणसं चढाच्या मध्यावर आली, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून डुकराची किंकाळी आली. लांब, चिरत जाणारी.

"मेल्च्या," बांबूखालून गोर्यो म्हणाला, "तुझ्यापेक्षा सुरात ओरडतंय रे कुणीतरी!"

हसण्याच्या नादात घर जरा डोललं. मेल्चोरही हसला. मग त्याने पुढची हाळी जास्तच मोठ्याने दिली, आणि तिच्या पुढची त्याहून मोठ्याने.

घर टेकडीवर टेकलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. केळीची पानं मांडली होती. गोर्यो आधी हात धुवायला गेला तो उशिरा आला. त्याच्या हातात फावडं होतं.

"पिल्लं पुरून आलो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "वाढा आता."

आदेल्फाने पहिलं पान मेल्चोरसमोर ठेवलं.

"काळीज तुम्हाला, मानोय. हाळी देणाऱ्याचा मान."

"मानाय, ती गाभण..."

"होती की. पिल्लं विकून पत्रे घेणार होते छपराला." तिने त्याच्या पानावरची माशी उडवली. "असू दे. पानांच्या छपराखाली काय माणसं राहत नाहीत? पण विधवेने फुकटात घर उचलून घेतलं, असं नको व्हायला. आमचे हे असते तर तुम्ही मागितल्यावर नाही म्हणाले असते का?"

थट्टा केली होती, हे शब्द मेल्चोरच्या जिभेवर आले. पण पंगत बसली होती. बोलला असता तर आदेल्फा सगळ्यांदेखत वेडी ठरली असती, आणि डुकरीण काही उठून उभी राहिली नसती.

त्याने घास घेतला.

"मीठ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग लाजता कशाला? घ्या अजून."

त्याने पान पुढे केलं. तिने वाढलं. तो खात राहिला आणि ती समोर उभी राहून माश्या वारत राहिली.

त्या दिवशी सकाळी निघताना मेल्चोरने सगळ्यांपुरता भात आणि तळलेले मासे पानांत बांधून मंडळाच्या गाडीत ठेवले होते.