हरभऱ्याएवढा उरलो, पण!

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण आनंद पोटात मावत नाही म्हणून सांगतो.

कारखान्यात एका लांब पट्टीतून मला कापले. पुढे बरीच वर्षे मी कचेरीच्या खणात टाचण्यांशेजारी पडून होतो. तिथून पाहणीवाल्या ताईंनी मला उचलले. वृद्धाश्रमांत लोक कसे राहतात हे जाणण्यासाठी त्यांनी प्रश्न लिहिले होते. उत्तरांवरून कुठे काय सोय करायची ते ठरणार होते. छापण्याआधी एका आश्रमात ते विचारून पाहायचे होते.

ताईंनी एका आजींना विचारले, "इथे स्वयंपाकघर आहे का?"

"आहे की! चांगलं दिवाणखान्याएवढं!"

'सोय आहे' असे लिहिता लिहिता ताई थांबल्या. "आजी, मी नेमकं काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?"

"इमारतीत आहे का, ते. आहे. पण आम्हाला आत पाऊल टाकू देतात थोडंच! पहाटे चहाची तल्लफ येते, अन् घंटा होईपर्यंत मी भिंतीकडे बघत बसते."

"भिंतीकडे कुठं? माझ्याकडे बघून बोटं मोडता!" समोरच्या खोलीतले काका म्हणाले.

हा प्रश्न तसाच छापला तर आजींचा चहा कायमचा गेला! ताईंनी मला कागदावर घासले आणि नवा प्रश्न लिहिला. "स्वयंपाकघर वापरायला मिळतं का?"

"मिळतं ना!" काका म्हणाले. "रोज मटार सोलायला बसवतात."

सगळे हसले. मी पुन्हा धावलो. माझा कोपरा झिजला, पण काय तो हुरूप!

"मनात येईल तेव्हा स्वतःपुरता चहा करून घ्यायची मुभा आहे का?"

आजी, काका, एरवी तोंड न उघडणाऱ्या एक मावशीसुद्धा म्हणाल्या, "नाही!" अखेर प्रश्न सगळ्यांना सारखाच समजला होता. मित्रांनो, इतके गोड 'नाही' मी कधी ऐकले नव्हते.

तोच प्रश्न छापला गेला. वर्षभराने, झिजून हरभऱ्याएवढा उरलेला मी ताईंच्या पर्समधून पुन्हा तिथे गेलो. व्हरांड्यात छोटी शेगडी होती, तिच्यावर आधण उकळत होते.

"साखर किती?" आजींनी ताईंना विचारले.

या प्रश्नाला माझी गरज नव्हती. मी पर्समध्ये नुसता खुशीत बसलो.

मित्रांनो, आपला प्रश्न समोरच्याला कसा समजला, ते एकदा विचारत जा. चुकला असेल तर खोडायला लाजू नका. आणि त्यासाठी, हरभऱ्याएवढा का होईना, एक खोडरबर सांभाळून ठेवा.