बाहेरची कडी

आमच्या घरातल्या एकाही दाराला आतून कडी नाही. हे स्वतः सुतार, दारं बसवण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि घरातल्या सगळ्या कड्या यांनीच पेचकस घेऊन काढल्या. मी काढायला लावल्या. न्हाणीघरात कडी लावून हे पीत बसायचे. शेवटच्या वेळी आत निपचित पडले आणि दार फोडावं लागलं. तेव्हापासून बंद दार दिसलं की मी आधी ते ढकलून बघते.

दारू सुटली. मग दारू सोडलेल्यांच्या गटातल्या काकांनी यांना सांगितलं, रोज सकाळी एकटं बसायचं, प्रार्थना करायची आणि मग नुसतं गप्प राहायचं. ते चुकलं की पाय घसरायला वेळ लागत नाही. झालं, हे आतल्या खोलीत सतरंजी टाकून बसायला लागले. पण आमच्या घरात शांत बसणं म्हणजे थट्टाच. सासूबाई चष्मा शोधायला येत, चष्मा डोळ्यांवरच असे. मी घडी केलेल्या चादरींची पुन्हा घडी करायला जाई. खरं सांगते, डोळे मिटून बसलेले हे मला बघवत नसत. पिऊन बसायचे तेव्हाही असेच दिसायचे.

दार तेवढं लोटून घेऊ का, असं यांनी एकदा विचारलं. मी नाही म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

मग हे कामावर लवकर जायला लागले. एका बंगल्यात कपाटांचं काम होतं, मालकांना घाई आहे म्हणाले. मला हायसं वाटलं. एक दिवस डबा विसरले म्हणून मी घेऊन गेले. मालकीणबाई म्हणाल्या, घाई कसली, काम उशिराच सुरू होतं. मिस्त्री मात्र रोज लवकर येऊन मागच्या न्हाणीघरात कडी लावून बसतात. पोटाचा त्रास आहे म्हणे.

ते पोट मला चांगलं ठाऊक होतं. मी दार बडवलं. यांनी उघडलं तसा मालकीणबाईंसमोरच टाचा उंचावून मी यांच्या तोंडाचा वास घेतला. चहाचा होता. आत एक पालथी बादली, तिच्यावर रुमाल अंथरलेला. बाकी काही नाही.

"प्रार्थना करत होतो," हे म्हणाले.

"खोटं बोलून?"

"घरी तू बसू देत नाहीस. नाही बसलो तर मी पिईन गं. आज ना उद्या पिईन."

मला रडू फुटलं. प्यायले असते तर काय करायचं ते मला पाठ होतं. याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी हे जुनी कडी घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी बसले. मी धावले. कडी बाहेरच्या बाजूला लावत होते. "तू लाव, तूच उघड," म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, माणसाला काय कोंडून ठेवणार? हे पेच आवळत राहिले.

सकाळी मी खोली झाडली, म्हणजे झडतीच घेतली. हे सतरंजीवर बसले आणि मी कडी लावली. आता कामाला लागायचं ठरवलं होतं, पण पाय निघेना. दाराला पाठ लावून खाली बसले. आत अगदी शांत होतं आणि मला त्या शांततेचीच भीती वाटत होती. दूध उतू गेल्याचा वास आला तरी उठवेना. सासूबाईंनीच जाऊन गॅस बंद केला.

बऱ्याच वेळाने आतून टकटक झाली. "झालं," हे म्हणाले. यांचा आवाज इतका स्वस्थ मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मी कडी काढली. कडी मीच लावलेली, खोली मीच झाडलेली, आत सतरंजीशिवाय काही नाही हे मला माहीत. तरी मी टाचा उंचावल्या. मी काही म्हणायच्या आधीच यांनी वाकून तोंड उघडलं.