वरची पट्टी

भोंगा कानात गुपित सांगायला वाकली की ते थेट मागच्या बाकापर्यंत पोचायचं. हे नाव तिला शाळेनं दिलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोष घराचा. खाली बाबांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आणि वर बिऱ्हाड. दिवसभर हातोडीची ठणठण ऐकून बाबांचे कान अधू झालेले. त्यामुळे साधं मीठ मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडायचं. राग मात्र खालच्या पट्टीत असायचा. आईने हळूच 'इकडे ये' म्हटलं, की भोंग्याची पाचावर धारण बसायची.

यंदा तिच्या बाकावर नवीन मुलगी आली. पाय न वाजवता चालायची, म्हणून मनी. दोघींचं गणित सारखंच दिव्य, त्यामुळे मेतकूट जमायला वेळ लागला नाही. मग एकदा मनी डबा वर्गातच विसरली आणि भोंगा तो घेऊन मैदानभर धावली. मनीच्या अगदी मागे पोचल्यावर तिने प्रेमाने हाक मारली, "ए मने, थांब की!"

मनी जागच्या जागी गोठली. डोक्यावर आडवा हात धरून मान खांद्यात घातलेली. बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. मनी एवढंच म्हणाली, "माझ्यावर ओरडू नकोस ना."

इतकं हळू बोलली, की भोंग्याला आईचं 'इकडे ये'च आठवलं. त्यानंतर मनीने दप्तर दुसऱ्या बाकावर नेलं. शुक्रवारी बाई वर्षभरासाठी जागा ठरवणार होत्या.

"मनी माझ्यावर भयंकर चिडलीये," भोंगा घरी म्हणाली.

"काय बोलली?" आईने वरच्या पट्टीत विचारलं.

"हळू बोलली."

"किती हळू?"

"तुझ्यासारखं."

आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "मग माफी मागून ये बाई."

मनीच्या घरी दार मनीनेच उघडलं, ओठांवर बोट ठेवून. आत रेडिओ मंद लागला होता आणि धाकटी बहीण ठोकळे रचत बसली होती. माफी घशाशी आली होती, तेवढ्यात खाली फाटक वाजलं. मनीच्या आईने रेडिओ बंद केला. धाकटीने कुणी न सांगता ठोकळे डब्यात भरले. मनीचे बाबा दारात आले.

"या चपला कुणाच्या?"

पट्टी अगदी भोंग्याच्या बाबांचीच. पण भोंगा दोन पावलं मागे सरकली. शेजारी मनीचा हात आपोआप डोक्यावर गेला होता. मैदानात गेला होता, अगदी तसाच.

भोंगा चपला हातात घेऊन जिना उतरली. आयुष्यात पहिल्यांदा पाय न वाजवता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मनीपासून चांगली लांब उभी राहिली. "आमच्या घरी येतेस? तिथे सगळेच ओरडतात. पण रागावून नाही. आमच्याकडे राग हळू असतो."

"म्हणजे?"

"ये तर."

मनी आली, पण दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच. बाबांनी पत्र्यावरून मान वर केली आणि गरजले, "कोण गं ही? जेवली का?"

मनीचा हात वर गेला. भोंगा मध्ये उभी राहिली.

"बाबा, हळू."

"काय?"

"हळू बोला!" ती अशी किंचाळली की भिंतीवरची डबडी झणझणली.

हाताआडून मनीचा एक डोळा दिसला. मग खुसखुस ऐकू आली. हळू बोला म्हणून कुणी एवढं ओरडतं का?

बाबांनी हातोडी ठेवून कानामागे हात नेला. "जेवलीस का पोरी?"

"हो," मनी पुटपुटली.

"काय?"

मनीने भोंग्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "जेवलेय, काका!"

स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. खांदे वर घेऊन थांबली, ओरडण्यानंतर जे येतं त्याची वाट पाहत.

"मग उभी का? बस की," बाबा म्हणाले आणि पुन्हा ठोकू लागले. आणखी काहीच आलं नाही. हळूहळू मनीचे खांदे खाली उतरले.

भोंगा तिच्या कानाशी वाकली. "उद्या दप्तर माझ्या बाकावर ठेवशील?"

मनी तोंड उघडणार, तोच माडीवरून आईचा खणखणीत आवाज आला, "ठेवेल गं ती. आता दोघी वर या!"

मनीने झटकन भोंग्याकडे पाहिलं. "चिडल्या का?"

"छे," भोंगा म्हणाली. "ऐकलंस ना, केवढ्याने बोलली."

मनी जिना चढू लागली. वरच्या दोन पायऱ्यांवर तिने पाय मुद्दाम वाजवले.