बाप कुणी निवडला

रोपवाटिका सासऱ्यांची. स्ट्रॉबेरीच्या नव्या जाती काढायचं काम पुढे कुठल्या सुनेकडे द्यायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. "दोघीही संकरासाठी आपापली आई निवडा, बाप निवडा," ते म्हणाले. "जिची रोपं सरस, तिच्या हाती काम."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मातीत हात काळे केले ते हिने, आणि कालची आलेली धाकटी बरोबरीला? सासरे त्या गोडबोलीच्या विनोदांवर खो खो हसत. थोरलीने विनोद केला की चष्मा पुसत बसत.

धाकटीने आई निवडली ती सर्वांत गोड फळाची. कळ्या उमलायच्या आत चिमट्याने त्यांतले पुंकेसर काढले आणि वर कागदी पिशव्या बांधल्या. "उद्या टणक फळवाल्याचे पराग लावते हं, ताई," म्हणत ती जेवायला गेली. थोरलीला त्या 'ताई'चाही राग आला.

मग तिने जे केलं ते वैरीही करणार नाही. उकिरड्याच्या कडेला एक झाड आपसूक वाढलं होतं. फळं वाटाण्याएवढी, तीही आंबटढाण. त्याचे पराग ब्रशवर घेऊन तिने ते धाकटीच्या फुलांना फासले आणि पिशव्या होत्या तशा बांधल्या. आता होऊ देत गोजिरवाणी लेकरं, ती पुटपुटली.

पुढच्या हंगामात पानांवर रोग आला. थोरलीची रोपं एकामागून एक बसली. धाकटीच्या वाफ्यात मात्र काही रोपं ताठ उभी राहिली आणि चांगली टपोरी फळली. देठ तांबडेलाल. असे देठ फक्त उकिरड्याकडच्या झाडाचे. थोरलीने बाप लगेच ओळखला.

सासऱ्यांनी एक फळ खाल्लं, मग दुसरं. "बाप काय नामी शोधलास गं, धाकटे!"

धाकटी लाजली. थोरलीला ते लाजणं बघवेना. गुन्हा कबूल करायला पश्चात्ताप लागतो म्हणतात. हिला मत्सरच पुरला.

"तिने नाही, मी शोधला!" ती ओरडली. "उकिरड्याकडचं झाड! तिच्या पाठीमागे पराग मी लावले!"

धाकटीचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी देठ निरखले, मान डोलावली. "खरंय. निवड तुझीच." थोरलीची छाती फुगली.

"मग आम्हालाही शिकव," ते कौतुकाने म्हणाले. "एवढ्या झाडांतून तू नेमकं तेच का निवडलंस?"

थोरली एक फळ उचलून पदराला पुसू लागली. उत्तर धाकटीला सापडलं होतं. ती एकटक थोरलीकडे बघत होती.