भिंतीवरचा फिकट चौकोन

“काका, तुमचा हात पोचेल. तेवढा खाली काढा ना.”

फुमिएबाईंनी स्टूल धरलं होतं. सोबाच्या शेवयांचं त्यांचं दुकान एवढंसं, पाट्या लावायला भिंत एकच. तिच्यावर बावीस वर्षं मोरोझुमी सरांच्या सहीचा पुठ्ठा होता, नामवंत गिऱ्हाईक आठवण म्हणून दुकानाला सही करून देतं तसा. गेल्या आठवड्यात टोकियोची एक नटी इथं जेवून गेली. तिच्या सहीचा पुठ्ठा चौकटीत बसवायला दिला होता आणि बाईंना तो मधोमध हवा होता.

“सरांना काय वाटेल?” मी विचारलं. पण विचारलं ते स्टुलावर चढल्यावर.

“त्यांना आता कोण ओळखतं हो? देशाकडून फुटबॉल खेळले ते एकदाच, तेही नऊ मिनिटं. तुम्ही पुस्तकवाले, तुम्हीच ठेवा जपून.”

मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. नको म्हणायला मला कधी जमलेलं नाही. पुठ्ठा पिशवीत घातला. भिंतीवर एक फिकट चौकोन उरला.

माझा वाडगा संपायच्या आत दार सरकलं. मोरोझुमी सर आले. मागोमाग त्यांच्या शाळेच्या संघातल्या तीन मुली, गुडघ्यांना मैदानाची माती.

“सर, दाखवा ना सही! नाहीतर आम्ही थाप समजणार.”

“मी सांगते, नऊ मिनिटंसुद्धा खेळले नसतील!” दुसरी म्हणाली. तिघी खिदळल्या.

सर हसत हसत भिंतीकडे वळले आणि तसेच उभे राहिले.

फुमिएबाई कोरडाच ओटा पुसायला लागल्या. पिशवी माझ्या पायाला टेकून होती. हात खाली घालायचा, एवढंच काम. पण मग तो माझ्यापाशी कसा, हेही सांगावं लागलं असतं.

“अगं, हे ते दुकान नव्हेच,” सर म्हणाले. “ते स्टेशनपलीकडचं. वय झालं माझं.”

तेवढ्यात बाईंनी त्यांच्यापुढे वाडगा ठेवला. न विचारता, पातीचा कांदा न घालता.

“मग तुम्ही कांदा खात नाही, हे यांना कसं माहीत?” पहिलीनं विचारलं.

“चेहऱ्यावरच दिसतं माझ्या. खा आता, गार होतंय.”

निघताना त्यांनी मुलींना रांगेत उभं केलं. खेळ संपल्यावर मैदानाला करतात तसा वाकून दुकानाला नमस्कार करायला लावला. स्वतः ते सगळ्यांत खाली वाकले. वर यायला त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ मी रिकाम्या वाडग्यात बघत होतो.

सर अजून दर शनिवारी येतात, एकटे. भिंतीकडे पाठ करून बसतात. मीही त्यांच्या शेजारी तसाच बसतो. हवापाण्याचं बोलतो. येताना पिशवी आणतो आणि पुठ्ठ्यासकट परत घरी नेतो.