अप्पांचा बाहेरचा चहा

आमचे अप्पा बाहेर चहा घेत नाहीत. घरी दिवसातून चार वेळा घेतात, आलं ठेचून घातलेला, बशीत ओतून, चांगला फुर्र आवाज करत. आई ओरडते, पण तिच्या ओरडण्याला ते भीक घालत नाहीत. मात्र उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हा माणूस चहाचा नाही. सगळी नोकरी सरकारी छापखान्यात गेली. तिथे दिवसभर किटली फिरायची. किटली टेबलाशी आली की अप्पा ‘मी चहा घेत नाही’ म्हणायचे आणि खाली मान घालून छपाईचे शिशाचे खिळे जुळवत राहायचे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी ‘निर्व्यसनी सुखदेवराव’ म्हणून त्यांचं भरभरून कौतुक केलं, तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसत होती.

कारण आम्हांला आईनेच सांगितलं. अप्पा चौथीत होते. आजोबांबरोबर बाजाराच्या गावी गेले होते. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला कान तुटलेला एक कप अडकवलेला. आजोबांनी तो काढला, स्वतः विसळला, पुढे धरला. हॉटेलवाल्याने वरून चहा ओतला. प्यायल्यावर आजोबांनी कप पुन्हा विसळून खिळ्याला लावला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, पण ते त्या हॉटेलवाल्याला कोण सांगणार? आजोबांनी अप्पांना विचारलं, ‘तुला पाहिजे का?’ अप्पा नको म्हणाले. तेव्हापासून घर आणि सगेसोयरे सोडले, तर त्यांनी कुणाच्या हातचा चहा घेतला नाही. त्या गावाचं नावसुद्धा ते घेत नाहीत.

मी, मैत्री, त्यांची धाकटी. घरात सगळे म्हणतात की अप्पांच्या वाट्याचा रागही मीच घेऊन जन्माला आले. असेल. खराडीला आयटी कंपनीत आहे, टीम सांभाळते, परदेशाच्या वाऱ्या होतात. आणि गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एकच खूळ होतं, की अप्पांनी आयुष्यात एकदा बाहेर, चारचौघांत, चांगल्या कपातून चहा प्यावा. मला ते बघायचं होतं. त्या खिळ्याचा हिशेब मला मिटवायचा होता. अप्पांना तो मिटवून हवा आहे का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दादाला मुलगी झाली. आई आधीच बंगळूरला गेली होती, म्हणून अप्पांना मी घेऊन निघाले. त्यांचा पहिला विमानप्रवास. येरवड्यात उभी हयात गेली, डोक्यावरून विमानं जाताना घरातली भांडी वाजायची, पण विमानतळ आतून पाहिला नव्हता. विमान लेट होतं. मी म्हटलं, चला, लाउंजमध्ये बसू. माझ्या कार्डावर एक पाहुणा नेता येतो. दारातल्या बाईंनी कार्ड घासलं आणि आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या, मला सोनेरी, अप्पांना पांढरी. मी फोनवर ऑफिसच्या कुणालातरी झापत होते. पट्ट्यांचे रंग काय आहेत, इकडे कशाला लक्ष देते?

आत कोपऱ्यात चहाचं एक टेबल मांडलं होतं. कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती. प्रवाशांनी चहा चाखायचा आणि कोणता आवडला ते सांगायचं. टेबलामागे बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, छातीवर ‘पूर्वा’ अशी पाटी. ती तोंडपाठ केल्यासारखं सांगत होती, हा दार्जिलिंग, हा आसाम, हा निलगिरी. “सर, सिप घेताना आवाज करायचा, जोरात ओढायचा. मग खरी चव कळते.” सूटबूट घातलेले दोन गृहस्थ फुर्र फुर्र करून दाखवत होते आणि ती “व्हेरी गुड सर” म्हणत होती.

अप्पांना हसू आवरेना. “अगं, हे शिकवायला लागतं होय? तुझ्या आईला सांग जरा.”

मला वाटलं, हाच मोका आहे. ते असे मोकळे होऊन हसतात कधी?

“अप्पा, चला ना. एक कप.”

हसू गेलं. “कशाला उगाच?”

“माझ्यासाठी.”

“घरी पितो की तुझ्या हातचा.”

“घरचं नका सांगू. अप्पा, दिवस बदललेत. इथे कुणी आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही. इथे फक्त कार्ड बघतात.”

“तुझं कार्ड.”

“माझं म्हणजे तुमचंच. तुम्ही शिकवलंत म्हणून आलं ना ते?”

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कुणीतरी ट्रॉलीवरून बॅगा उतरवत होतं. मी त्यांचा हात धरून ठेवला होता, लहानपणी जत्रेत फुग्यासाठी धरायचे तसा. मला हट्ट करता येतो, आणि त्यांना माझा हट्ट मोडता येत नाही, हे आम्हां दोघांनाही माहीत आहे.

“बरं,” ते म्हणाले. उठले. शर्ट नीट खोचला. खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला. चहा प्यायला जाताना कुणी भांग पाडतं का? मी फोन हातात घेतला. म्हटलं, फोटो काढून आईला पाठवायचा, ती वेडी होईल.

आम्ही टेबलाशी गेलो. पूर्वाने आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग अप्पांच्या. माझ्यापुढे पांढराशुभ्र चिनी मातीचा कप ठेवला, खाली लाकडी बशी. मग ती वाकली, टेबलाखालून कागदी पेला काढला, त्यात चहा ओतला आणि अप्पांपुढे धरला. “सर, झाल्यावर पेला त्या डब्यात टाका हं.”

मी फोन वर धरला होता. फोनच्या पडद्यावरच मला ते दिसलं. शेजारी शेजारी दोन कप, आणि अप्पा. ते माझ्या कपाकडे बघत होते. मग त्यांनी हातातल्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, नवल तर नाहीच.

“हे काय आहे?” मी म्हटलं. “यांना वेगळा कप का?”

पूर्वा गोंधळली. “मॅम, तुमचं प्रीमियम आहे. सर गेस्ट आहेत ना. गेस्टना पेपर कप असतो.”

“कप बदला.”

“मॅम, पॉलिसी आहे...”

“कप बदला म्हणतेय ना मी!”

माझा आवाज एवढा चढला, की फुर्र करणारे गृहस्थ थांबले. लाउंजमधली डोकी वळली. कुठूनतरी सुपरवायझर धावत आला, टाय घातलेला, पाटीवर ‘श्रीनिवास’. मी इंग्रजीत सुरू झाले. हा अपमान आहे, हा भेदभाव आहे, माणसामाणसांत फरक करता, लाज नाही वाटत? तो अत्यंत अदबीने ऐकत होता आणि त्याला काहीही कळत नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं? कागदी पेल्यावरून एक बाई भांडतेय, एवढंच त्याला दिसत होतं.

“मॅम, एक्झॅक्टली इश्यू काय आहे?” तो म्हणाला. “चहा सेमच आहे.”

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मराठीत आला होता. तो उच्चारला असता तर सगळं क्षणात कळलं असतं, सगळ्यांनाच. मग त्या सूटवाल्यांनी अप्पांकडे ज्या नजरेने पाहिलं असतं, ती नजर घेऊन अप्पा तिथे उभे राहिले असते, खोचलेल्या शर्टात, भांग पाडून. मीटिंगमध्ये चार देशांच्या लोकांना गप्प करणारी मी, तिथे नुसती उभी.

अप्पा माझ्याकडे झुकले. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “तोही हेच म्हणाला होता. चहा तर त्योच हाय की.”

एवढ्या वर्षांत ते मला त्या हॉटेलाबद्दल पहिल्यांदा बोलले.

मी म्हटलं, “अप्पा, ठेवा तो खाली. चला. नको आपल्याला.”

तेवढ्यात श्रीनिवास पूर्वाकडे वळला. आवाज खाली होता, पण सुरी होती त्यात. “सीनियर सिटिझन आहेत, तुला कळत नाही? प्रीमियम कस्टमरची कम्प्लेंट गेली, तर उद्यापासून येऊ नकोस.” पूर्वाचे डोळे भरले. तिने कुणीतरी सांगितलेलं तेवढंच केलं होतं. ती माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हणाले, “नाही, तिची चूक नाही, तुमच्या पॉलिसीची...” पण श्रीनिवास ऐकायच्या पलीकडे गेला होता. तो तिला रजिस्टर आण म्हणत होता, माझी तक्रार लिहून घ्यायला. मी सुरू केलेलं मलाच थांबवता येईना.

“अहो साहेब,” अप्पा म्हणाले.

श्रीनिवास वळला.

“तिला काही बोलू नका. तक्रार कसली? हा बघा, घेतला मी चहा.”

आणि त्यांनी तो कागदी पेला ओठांना लावला. मी “अप्पा, नको” म्हणेपर्यंत त्यांनी तो संपवला. गरम होता. आवाज न करता, औषध घ्यावं तसा एका दमात प्यायले. मग पेला उलटा करून श्रीनिवासला दाखवला, एकही थेंब नाही. “छान आहे,” पूर्वाला म्हणाले. मग चालत जाऊन पेला त्या डब्यात टाकून आले, तिने सांगितलं होतं तसा.

श्रीनिवासने लगेच चिनी मातीचा कप मागवला, वर बिस्किटं. “सर, आमच्यातर्फे.”

“नको,” अप्पा म्हणाले. “झाला माझा.”

आम्ही खुर्च्यांवर येऊन बसलो. पूर्वा लांबून दोन्ही हात जोडून अप्पांकडे बघून हसली. अप्पांनी मान हलवली. मला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती. एका पोरीची नोकरी वाचावी म्हणून, आणि खरं तर माझं तोंड बंद व्हावं म्हणून, त्यांनी ते केलं होतं. कुणी मारून, हसून, साहेब होऊन त्यांच्याकडून करवून घेऊ शकलं नव्हतं ते मी लाडाने करवून घेतलं, आणि तेही वेगळ्या कपातून. माफी तरी कशी मागू? माफी मागितली असती, तर ते ‘कशाबद्दल गं?’ म्हणाले असते.

“जीभ भाजली का अप्पा?”

“थोडी.”

विमानात त्यांना खिडकी दिली. वर गेल्यावर त्यांनी खाली वाकून येरवडा कुठे दिसतो का पाहिलं, ढगांत काही दिसेना. मग ट्रॉली घेऊन हवाई सुंदरी आली, वाकून हसत म्हणाली, “सर, चहा घेणार?”

मी वाट बघत होते. मनातल्या मनात त्यांचं ते ‘मी चहा घेत नाही’ मीच म्हणत होते. म्हणा अप्पा. एकदा म्हणा.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा अगदी साधा, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलाने बाईंना विचारावं तसा.

“घेऊ का गं?” ते म्हणाले. “तू सांग.”